दुसरी रेघ

डब्याचा आकार घेईल तेवढंच आम्ही घेतो.
बांधेसूद काही आलं तर परत पाठवतो,
नियमच आहे तसा.
हाइनीचं कधी परत गेलं नाही.
अकरा वर्षं तो माझ्याकडे येतोय
निळ्या झाकणाच्या डब्यातून.
चेहऱ्याने मी त्याला ओळखत नाही.

स्वीनॉय बेटावर राहतो, सामन माशांच्या जाळ्यांवर कामाला.
त्याच्या आतड्याने स्वतःशीच दावा मांडलाय,
आणि या खेपेला पुन्हा रक्त,
दिवसरात्रीत चौदा वेळा.

डॉक्टर मार्युनने स्टेरॉइड लिहून ठेवलंय, दिलं नाहीये.
जुनं दुखणं उठलं असेल तर तेच औषध.
नवा कुणी आत शिरला असेल
तर तेच औषध म्हणजे त्याला पाट मांडून जेवायला वाढणं.
आणि लक्षणं दोघांची सारखी.
आत कॅमेरा घातला तरी
ज्या पिवळ्या चट्ट्यांवरून एरवी चोर सापडतो
ते हाइनीसारख्यांना बहुतेक उमटतच नाहीत.
सूज मोजावी, तर आकडा दोन्हीकडे वरच.

म्हणून मी.
तोर्सहाउन, रात्रीचा दीड,
बोटभर प्लास्टिकची पट्टी, मोजून थेंब,
आणि अंडी उकडायचं घड्याळ.

पहिली रेघ उमटली. जीवाणू घरात आहे.
दुसरी, विषाची,
कोरी.

आता काय लिहायचं?
घरात असणं हा गुन्हा नाही.
कित्येकांच्या पोटात तो गुमान राहतो,
भाडं देत नाही, त्रासही देत नाही.
चोर सोडून संन्याशाला फाशी नको, कबूल.
पण हा संन्यासी आहे
हे मला कोरी जागा सांगणार?

मग अर्जावरची वेळ पाहिली.
मंगळवार, सकाळचे सात.
आणि आता गुरुवार लागला होता.
दोन दिवस वारा होता, बोट सुटली नव्हती,
सुटली तेव्हा डबा आला, हाइनी नाही.
पाऊण तास लाटांवर,
संडासापासून दूर, कोण बसेल?

दोन वाजता त्याच्या बायकोला फोन केला.
रान्वा जागीच होती, त्या घरात कोण झोपतंय.
"डबा कुठे ठेवला होता?"
"खिडकीत, हीटरच्या वर. खाण्यापिण्याशेजारी
फ्रिजमध्ये कसा ठेवणार?
उबेला ठेवला."
अशक्त कोकराला ठेवतात तसा.

विष उबेत विरून जातं.
करणारा राहतो, केलेलं पुसलं जातं,
आणि पट्टीवर उरतं एक स्वच्छ पांढरं 'नाही'
ज्याच्यावर मी सही करणार होते.

"माझं चुकलं का?" तिने विचारलं.
मी म्हटलं, आमच्या कागदावर ते लिहिलेलंच नाही.

सकाळी वारा पडला, हेलिकॉप्टर गेलं.
तिसऱ्या मजल्यावरून दिसलं,
लाल टोपीतला एक उंच माणूस वाकून चालत होता,
शेजारी एक बाई, हातात आमिषाचा बर्फाचा खोका.
तोच असेल. नसेलही.

पुन्हा थेंब. पुन्हा अंड्यांचं घड्याळ.
दुसरी रेघ आली ती इतकी फिकी
की मी दिवा मालवून पट्टी खिडकीशी धरली,
मग बार्बाला हाक मारली, तुला दिसते का?
ती चष्मा पुसून आली. म्हणाली, दिसते.
फिकीलाही रेघच म्हणायचं, हाही नियम.

मार्युनला कळवलं: विष आहे.
पलीकडून म्हणाली, "बरं झालं."
आम्ही अशी माणसं.

जुनं की नवं, रान्वाने खालून विचारून पाठवलंय.
नवं आहे, एवढं लिहिता येईल.
जुनंही उठलं असेल का, ते ही पट्टी सांगत नाही,
दोन-तीन दिवस औषध पोटात गेल्यावर
मार्युन बघेल.

मी साबणाने हात धुतले, दोनदा,
याच्या बीजाला स्पिरिटचं भय नसतं.
आणि कपाटातले रिकामे डबे काढून
निळ्या झाकणांवर जाड अक्षरात लिहीत बसले:
थंड ठेवा. थंड ठेवा. थंड ठेवा.
चाळिसाव्याला पेन संपलं.